कॅट बदलण्याआधी: खाऱ्या हवेतल्या गाड्यांच्या धूर-नियंत्रण यंत्रणेची तपासणी आणि देखभाल

पावसाळा संपता संपता रत्नागिरीजवळच्या काळबादेवीहून एक पेट्रोल गाडी माझ्याकडे आली. इंजिन लाइट लागलेली आणि स्कॅनरवर पी-०४२० हा कोड. म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (थोडक्यात कॅट, सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर स्वच्छ करणारा डबा) नीट काम करत नाही, असं गाडीचा कॉम्प्युटर सांगत होता. दुसऱ्या ठिकाणी काकांना कॅट बदलायला सांगितलं होतं आणि तो खर्च ऐकून ते गाडीच विकायला निघाले होते. गाडी रॅम्पवर घेतली. कॅट ठणठणीत होता. त्याच्या आणि मागच्या ऑक्सिजन सेन्सरच्या मधल्या फ्लँजचं गॅस्केट मात्र गंजाने खाऊन टाकलं होतं. सायलेन्सरमधून वायू ठोक्याठोक्याने जातो आणि दोन ठोक्यांच्या मध्ये क्षणभर आत ओढ तयार होते. त्या ओढीने फटीतून बाहेरची हवा आत यायची, सेन्सरला ऑक्सिजन दिसायचा आणि दोष कॅटवर यायचा. एक गॅस्केट आणि दोन बोल्ट बदलले, लाइट गेली ती परत आली नाही.

किनाऱ्यावरच्या गाड्यांत हे इतक्या वेळा पाहिलंय की आता मी ठाम सांगतो: इथे महागडा भाग मरण्याआधी त्याची वायर, कपलर (वायरींचा जोड), पाइप नाहीतर बोल्ट मेलेला असतो. म्हणून तपासणीचा क्रम बाहेरून आत, स्वस्तापासून महागाकडे ठेवायचा. हा लेख त्याच क्रमाने लिहिलाय. गॅरेजमध्ये नव्याने काम शिकणारी मुलं आणि आपल्या गाडीचं बॉनेट स्वतः उघडणारे मालक, दोघांसाठी.

कोण काय करतं

थोडक्यात सांगतो. पीसीव्ही व्हॉल्व्ह क्रँककेसमधली वाफ परत इंजिनात जाळायला पाठवतो. कॅनिस्टर म्हणजे कोळशाचा डबा. पेट्रोल टाकीतली वाफ तो धरून ठेवतो आणि पर्ज व्हॉल्व्ह उघडला की इंजिनाला देतो. ईजीआर थोडा जळका वायू पुन्हा आत सोडतो, त्यामुळे जळण्याचं तापमान उतरतं आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी होतात. पुढचा ऑक्सिजन सेन्सर पेट्रोल-हवेचं प्रमाण सांगतो, मागचा कॅटवर नजर ठेवतो. कॅटमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा पातळ थर असतो आणि साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसला तो कामाला लागतो. डिझेलमध्ये काजळी अडवायला डीपीएफ असतो. काही गाड्यांत त्यापुढे नायट्रोजन ऑक्साइड कमी करायला युरियाच्या द्रावणावर चालणारी एससीआर यंत्रणाही असते. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं, तेव्हापासून यातल्या बऱ्याच गोष्टी साध्या पिकअपमध्येही आल्या.

हाताशी काय हवं

लाइव्ह डेटा दाखवणारा स्कॅनर, चांगला डिजिटल मल्टिमीटर, व्हॅक्यूम गेज, हाताने चालवायचा व्हॅक्यूम पंप, ऑक्सिजन सेन्सरचा खाचेचा गोटी पाना, टॉर्क रेंच, कॉन्टॅक्ट क्लीनर आणि गंज सोडवायचा स्प्रे. नुसते कोड वाचणारा स्वस्त स्कॅनर अर्धंच काम करतो. कोड म्हणजे तक्रार. निदान लाइव्ह डेटातून होतं. धुराचं मशीन असेल तर उत्तम, कारण हवा कुठून गळते ते डोळ्यांना दिसतं.

गाडी सुरू ठेवून तपासायची असेल तर ती उघड्यावर न्या. पाऊस आहे म्हणून शटर ओढून, पडवीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस बसल्या जागी बेशुद्ध होतो. सायलेन्सरजवळच्या कामाला जाड हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. गंजाचे पापुद्रे थेट डोळ्यात पडतात.

पहिली पायरी: बॅटरी, अर्थ आणि कपलर

इंजिन बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. चालू असताना बऱ्याच गाड्यांत १३.८ ते १४.५. नव्या गाड्यांत चार्जिंग कॉम्प्युटरच्या हाती असतं, तिथे आकडा थोडा वरखाली दिसतो. आता मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर आणि दुसरी इंजिन ब्लॉकवर ठेवा. हेडलाइट, पंखा, मागच्या काचेचा हीटर सगळं चालू करा. आकडा ०.२ व्होल्टच्या वर गेला तर अर्थची पट्टी खराब आहे. ती सोडवा, बॉडीवरचा गंज चकचकीत होईपर्यंत घासा, नवा बोल्ट लावा, वरून ग्रीस द्या. अर्थ खराब असला की सगळ्या सेन्सरचे आकडे थोडेथोडे खोटे येतात आणि आपण एकेक सेन्सर बदलत बसतो.

स्कॅनर गाडीशी बोलतच नसेल तर डॅशबोर्डखालचं १६ पिनांचं सॉकेट पाहा. १६ नंबरच्या पिनवर बॅटरीचा पुरवठा आणि ४ व ५ वर अर्थ मिळायला हवा. ती पिन हिरवी पडलेली असते, नाहीतर फ्यूज उडालेला असतो.

मग कपलर. बॅटरीचं निगेटिव्ह काढा आणि एकेक कपलर उघडून पाहा. हिरवट पावडर म्हणजे तांब्याला लागलेला खारा गंज. कॉन्टॅक्ट क्लीनर आणि मऊ ब्रश वापरा. पॉलिश पेपर नको, पिनेवरचा मुलामा निघाला की महिन्याभरात पुन्हा गंज. मादी पिना ढिल्या झाल्या असतील तर सुटी नर पिन घालून पकड तपासा. कपलरची रबरी सील फाटली असेल तर सील बदला. सिलिकॉन भरून बंद करू नका, आत राहिलेलं पाणी तिथेच कोंडतं.

एक अपवाद ध्यानात ठेवा. ऑक्सिजन सेन्सरच्या कपलरमध्ये क्लीनर फवारू नका आणि ग्रीसही भरू नका. बऱ्याच सेन्सरना तुलनेसाठी बाहेरची हवा लागते आणि ती वायरीच्या आतूनच येते. तो मार्ग बुजला की चांगला सेन्सर चुकीचं सांगू लागतो. तिथे कोरड्या कापडाने पुसणं आणि हवा मारणं पुरे.

जुलै-ऑगस्टमध्ये आणखी एक पाहुणा असतो, उंदीर. शेतात पाणी भरलं की तो गरम इंजिनावर येऊन बसतो आणि वायरी कुरतडतो. मागच्या सेन्सरची लोंबती वायर त्याला पहिली सापडते.

दुसरी पायरी: हवा कुठे गळते

स्कॅनरवर फ्युएल ट्रिम उघडा, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा. शॉर्ट आणि लाँग मिळून अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत असेल तर निश्चिंत राहा. आयडलवर (रेस न देता) ट्रिम खूप अधिक आणि २५०० आरपीएमवर ती खाली येत असेल तर इंजिन कुठूनतरी फुकटची हवा घेतंय: तडकलेला व्हॅक्यूम पाइप, इनटेकचं गॅस्केट किंवा पीसीव्ही. उलट भार वाढला तशी ट्रिम वाढत असेल तर पेट्रोल कमी पडतंय किंवा हवा मोजणारा सेन्सर मळलाय. आपल्याकडे जांभ्याची लाल धूळ बारीक असते. फिल्टर नीट बसला नाही तर ती थेट त्या सेन्सरच्या तारेवर जाऊन बसते. त्याला त्याचाच खास क्लीनर वापरा. ब्रेक क्लीनर नको, बोट तर लावूच नका.

पीसीव्ही तपासणं सोपं आहे. गोळीचा व्हॉल्व्ह असेल तर काढून कानाशी हलवा, टकटक वाजला पाहिजे. वाजत नसेल तर चिकटलाय. पडद्याचा असेल तर आयडलवर ऑइल भरायचं झाकण काढून तोंडावर कागद ठेवा. हलकी ओढ ठीक. कागद जोरात चिकटला आणि शिट्टी वाजली तर पडदा फाटलाय. कागद वर उडत असेल तर व्हॉल्व्ह बंद आहे किंवा इंजिनाच्या रिंगा थकल्यात.

झाकणाखाली पांढरट साय दिसली म्हणून लगेच हेड गॅस्केट गेलं असं कुणी सांगितलं तर थांबा. घर ते बाजार असं दोन-तीन किलोमीटर चालणाऱ्या गाडीत पावसाळ्यातला दमट वाफारा ऑइलमध्ये मिसळून अशी साय धरते. कूलंट कमी होत नसेल आणि डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ असेल तर पीसीव्ही साफ करा, ऑइल बदला आणि गाडी आठवड्यातून एकदा अर्धा तास लांब न्या.

कॅनिस्टर आणि पर्ज व्हॉल्व्ह

गाडीजवळ पेट्रोलचा वास, पंपावरून निघाल्यावर सुरू व्हायला कटकट, आयडल डळमळीत: या तिन्हीला पर्ज व्हॉल्व्ह आधी पाहा. व्हॉल्व्ह काढा आणि एका टोकाला हातपंपाने व्हॅक्यूम द्या. वीज नसताना तो धरला पाहिजे. १२ व्होल्ट दिल्यावर टक आवाज होऊन व्हॅक्यूम सुटला पाहिजे. न धरणारा व्हॉल्व्ह सतत उघडा असतो. झटकल्यावर त्यातून काळी भुकटी पडली तर कॅनिस्टरचा कोळसा फुटलाय. मग दोन्ही बदलावे लागतात आणि मधला पाइप हवेने साफ करावा लागतो.

पंपावर नोजल आपोआप थांबल्यावर "अजून शंभरचं टाका" म्हणू नका. वरचं पेट्रोल द्रवरूपातच कॅनिस्टरमध्ये जातं आणि तो डबा वाफेसाठी आहे.

ईजीआर

यावर जरा थांबतो, कारण सर्वात जास्त छेडछाड इथेच होते. डिझेल गाडीत ईजीआर काजळीने भरतो, गाडीला पिकअप राहत नाही आणि मग कुणीतरी पत्र्याची चकती घालून तो बंद करून देतो. पीयूसीत गाडी पासही होते, कारण डिझेलच्या पीयूसीत फक्त धुराची दाटी मोजतात. नायट्रोजन ऑक्साइड तिथे मोजलेच जात नाहीत. पण ते बाहेर पडत राहतात, आपल्याच गल्लीत, शाळेसमोर. चकती घालून देणं मी कधीच करत नाही आणि तुम्हीही करून घेऊ नका.

तपासणी अशी. विजेवर चालणाऱ्या ईजीआरला स्कॅनरवर दिलेला हुकूम आणि झालेली हालचाल शेजारी शेजारी पाहा. हुकूम ५० टक्के आणि हालचाल १० टक्के असेल तर व्हॉल्व्ह अडकलाय किंवा कपलर खराब आहे. व्हॅक्यूमवर चालणारा असेल तर हातपंपाने व्हॅक्यूम द्या. पडदा तो धरून ठेवतो का बघा. पेट्रोल इंजिन आयडलवर असताना व्हॉल्व्ह उघडला की ते धडधडायला किंवा बंद पडायला हवं. तसं झालं नाही आणि पडदा चांगला असेल तर मार्ग काजळीने बुजलाय. डिझेलला फरक कमी जाणवतो, तिथे स्कॅनरवर हवेचं मोजमाप उतरतं का ते पाहा.

साफ करताना:

१. इंजिन थंड होऊ द्या. बोल्टांना आदल्या रात्री गंजाचा स्प्रे मारून ठेवा. किनाऱ्यावरच्या गाडीत घाई केली की बोल्टचं डोकं हातात येतं.

२. व्हॉल्व्ह काढल्यावर मोटरची बाजू वर ठेवा, क्लीनर मोटरीत जाऊ देऊ नका. काजळी नरम होऊ द्या, मग नायलॉनच्या ब्रशने काढा. स्क्रू ड्रायव्हरने खरवडलात तर बसण्याची कड खराब होते आणि व्हॉल्व्ह कायमचा गळतो.

३. व्हॉल्व्ह हाताने जोरात ढकलू नका. आतले प्लास्टिकचे गिअर तुटतात.

४. इनटेकची बाजूही पाहा. तिथे दोन बोटं जाड डांबर असेल तर नुसता व्हॉल्व्ह साफ करून उपयोग नाही.

५. गॅस्केट नवंच घाला. शेवटी स्कॅनरने व्हॉल्व्हची बंद-उघड स्थिती पुन्हा शिकवा.

कूलंट कमी होतं, बाहेर गळत नाही आणि सकाळी पांढरा वाफाळ धूर येतो, अशा डिझेल गाडीत ईजीआर कूलरला (तो जळका वायू कूलंटने थंड करतो) प्रेशर देऊन तपासा. बोअरवेलचं किंवा विहिरीचं पाणी रेडिएटरमध्ये ओतायची सवय याला मोठी कारणीभूत आहे. कंपनीचं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर एवढंच वापरा.

ऑक्सिजन सेन्सर

साधा झिर्कोनियाचा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या मध्ये वरखाली होत राहतो. मध्यरेषा ०.४५. तो ३०० अंशांच्या वर गरम झाल्याशिवाय बोलत नाही, म्हणून त्यात हीटर असतो आणि निम्म्या तक्रारी त्या हीटरच्याच असतात. पी-०१३५ आला तर आधी फ्यूज, मग कपलरवर १२ व्होल्टचा पुरवठा, मग सेन्सरच्या बाजूने हीटरचा रेझिस्टन्स. थंड सेन्सरवर तो साधारण काही ओहम ते पंधरा ओहम असतो, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये. मीटर काहीच दाखवत नसेल तर हीटर तुटलाय.

सिग्नल तपासायला इंजिन पूर्ण गरम करा आणि दोन मिनिटं २५०० आरपीएमवर धरा. पुढच्या सेन्सरने दहा सेकंदांत अनेक वेळा मध्यरेषा ओलांडली पाहिजे. मग एक व्हॅक्यूम पाइप क्षणभर काढा, आकडा झटकन ०.२ च्या खाली यायला हवा. पाइप लावून एकदम रेस द्या, ०.८ च्या वर जायला हवा. सावकाश जात असेल तर सेन्सर म्हातारा झालाय. एकाच जागी चिकटून राहिला तर बदलण्याआधी सायलेन्सरची गळती आणि वायर पाहा. नव्या गाड्यांत पुढे वाइडबँड सेन्सर असतो. त्याला हे आकडे लागू नाहीत, स्कॅनरवर लॅम्डा (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा, १ म्हणजे प्रमाण नेमकं) १ च्या आसपास आहे का तेवढं पाहा.

मागचा सेन्सर मात्र शांत असला पाहिजे, ०.६ ते ०.७ व्होल्टच्या जवळ जवळजवळ सरळ रेष. तो पुढच्यासारखाच नाचत असेल तर कॅटवर संशय घ्या. त्याआधी मधली गळती बघा, काळबादेवीच्या गाडीसारखी.

काढताना इंजिन कोमट ठेवा, खाचेचा पाना वापरा. नव्या सेन्सरच्या आट्यांना आधीच अँटी-सीझ लावलेलं असतं. नसेल तर फक्त आट्यांना लावा, टोकाला अजिबात नको. बहुतेक सेन्सर ४० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळतात, तरी मॅन्युअल पाहा. इंजिनाच्या कामात साधं सिलिकॉन सील वापरू नका, त्याची वाफ सेन्सरला विष आहे. डब्यावर सेन्सरला सुरक्षित असं लिहिलेलंच घ्या.

कॅट

कॅट स्वतःहून क्वचितच मरतो, त्याला कुणीतरी मारतं. मिसिंग करणारं, म्हणजे मधूनच ठोका चुकवणारं इंजिन न जळलेलं पेट्रोल पाठवतं, ते कॅटमध्ये जळतं आणि आतली जाळी वितळते. ऑइल खाणारं इंजिन फॉस्फरसचा थर चढवतं. आपल्याकडचं तिसरं कारण पाणी. घाट चढून आलेली तापलेली गाडी साकवावरच्या गुडघाभर पाण्यात घातली की आतल्या सिरॅमिकला तडा जाऊ शकतो. रस्त्यावर पाणी असेल तर दोन मिनिटं थांबा, मग हळू काढा. इंजिन लाइट लुकलुकत असेल तर ती मिसिंगची सूचना आहे. तशी गाडी रत्नागिरीहून कोल्हापूरला नेऊ नका, घाट चढेपर्यंत कॅट संपेल.

तपासायचे तीन मार्ग. थंड कॅटवर रबरी हातोडीने हलके टकटक करा. आत खुळखुळ वाजलं तर जाळी फुटलीय. व्हॅक्यूम गेज इनटेकला लावा. आयडलवर समुद्रसपाटीला साधारण १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) दाखवतो आणि रत्नागिरीत आपण समुद्रसपाटीलाच आहोत. २५०० आरपीएमवर धरून ठेवा. काटा हळूहळू खाली सरकत राहिला तर सायलेन्सर कुठेतरी चोंदलाय. खात्रीसाठी पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या भोकात प्रेशर गेज लावा. २५०० आरपीएमवर ३ पीएसआयच्या वर दाब म्हणजे अडथळा नक्की. आत-बाहेरचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजण्याची पद्धतही आहे, पण आताच्या स्वच्छ इंजिनांत फरक इतका कमी पडतो की तेवढ्यावरून निकाल देऊ नये.

कॅट खरंच गेला असेल तर आधी मिसिंग किंवा ऑइल खाणं दुरुस्त करा, मग नवा बसवा. नाहीतर नवाही त्याच वाटेने जाईल. आतली जाळी फोडून नुसता डबा ठेवण्याचा सल्ला कुणी दिला तर ती दुरुस्ती नव्हे. वेल्डिंग करायचं असेल तर बॅटरी सोडवा आणि अर्थची क्लिप वेल्डच्या अगदी जवळ लावा.

डिझेल: डीपीएफ आणि युरिया

मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळीची वाट बघत तासन्‌तास आयडलवर उभी राहणारी पिकअप आणि गावात शाळा-बाजार करणारी एसयूव्ही, दोघांचं दुखणं एकच. डीपीएफमधली काजळी जाळायला आत ५५० ते ६५० अंश तापमान लागतं आणि ते अशा वापरात येत नाही.

डॅशबोर्डवर डीपीएफची लाइट पहिल्यांदा लागली की गाडी महामार्गावर जिथे सलग वेग धरता येतो तिथे घ्या. पंधरा-वीस मिनिटं, ६० च्या वर, गिअर थोडा खालचा ठेवून २००० आरपीएमच्या वर. मध्येच बंद करू नका. लाइट गेली तर काम झालं. तरीही लागून राहिली तर तपासणी:

इंजिन बंद, चावी चालू असताना डिफरन्शियल प्रेशर सेन्सर (डीपीएफच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातला फरक मोजणारा) शून्य दाखवतो का? दाखवत नसेल तर सेन्सर किंवा त्याच्या दोन बारीक नळ्या पाहा. त्या नळ्या उष्णतेने तडकतात, पाणी साचून बुजतात. मी डीपीएफ काढण्याआधी त्या नेहमी सोडवून हवा मारतो. मग कूलंटचं तापमान पाहा. थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल तर इंजिन पूर्ण गरम होत नाही आणि कॉम्प्युटर सफाई सुरूच करत नाही. शेवटी इंजेक्टर, ईजीआर आणि टर्बोचं ऑइल. काजळी जास्त कुठून येते ते शोधलं नाही तर साफ केलेला डीपीएफ महिन्याभरात परत भरतो.

स्कॅनरने जबरदस्तीची सफाई करायची तर गाडी मोकळ्या जांभ्यावर किंवा काँक्रीटवर उभी करा. आंब्याच्या बागेत पातेऱ्यावर (वाळक्या पानांवर) किंवा वाळक्या गवतावर कधीच नको, सायलेन्सरच्या तोंडाशी आग लागू शकते. टाकीत पुरेसं डिझेल हवं, बॉनेट उघडं, आणि पूर्ण वेळ माणूस जवळ. नंतर डिपस्टिक पाहा. ऑइलची पातळी वाढली असेल तर त्यात डिझेल मिसळलंय, ऑइल बदला. डीपीएफच्या गाडीला कमी राखेचंच ऑइल हवं. काजळी जळते, राख जळत नाही. राखेने भरलेला डीपीएफ काढून मशीनवरच साफ करावा लागतो.

युरियाच्या द्रावणात ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी असतं. रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर एक थेंब ठेवून हे तपासता येतं. भातासाठी आणलेल्या गोणीतला युरिया विहिरीच्या पाण्यात विरघळवून टाकण्याचा विचार मनातही आणू नका. शेतीच्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो, त्यात इतर अशुद्धी असतात आणि आपल्या पाण्यात क्षार. इंजेक्टर आणि एससीआरचा कॅट दोन्ही जातील. कॅन सावलीत ठेवा, एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली तापू देऊ नका. ३० अंशांच्या वर ते लवकर खराब होतं. झाकणाभोवती पांढरे खडे जमले तर कोमट पाण्याने पुसून काढा. आणि डिझेल चुकून युरियाच्या टाकीत गेलं तर चावीसुद्धा फिरवू नका, गाडी टो करा.

पुरातून निघालेली गाडी

२२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं, तेव्हा कितीतरी गाड्या छतापर्यंत बुडाल्या. अशा गाडीला स्टार्टर मारणं ही पहिली चूक. बॅटरी सोडवा, एअर फिल्टरचा डबा उघडून पाणी बघा, ऑइल आणि इंधन तपासा. धूर-नियंत्रणाच्या बाजूने कॅनिस्टर बहुतेक वेळा बदलावाच लागतो, ओला कोळसा पुन्हा नीट वाळत नाही. सेन्सरचे कपलर सगळे उघडून साफ करा. खाडीचं पाणी असेल तर आधी गोड्या पाण्याने हलकं धुवा, मीठ आत राहिलं तर दोन महिन्यांनी बिघाड सुरू होतात.

पीयूसीआधी

पहिल्या नोंदणीपासून वर्षभर नव्या गाडीला पीयूसी लागत नाही. त्यानंतर बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांना एक वर्षाचं, त्याआधीच्या गाड्यांना सहा महिन्यांचं मिळतं. नसेल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड १०,००० रुपयांपर्यंत आहे. बीएस-४ पेट्रोल कारला आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम ही मर्यादा. रेस दिल्यावर, म्हणजे २५०० आरपीएमच्या आसपास, कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्के आणि लॅम्डा ०.९७ ते १.०३ च्या मध्ये. बीएस-४ डिझेलला धुराची दाटी ५० हार्ट्रिज (दाटी मोजायचं एकक), जुन्याला ६५.

ही पावती नुसती खिशात घालू नका, वाचा. कार्बन मोनॉक्साइड जास्त म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. हायड्रोकार्बन जास्त आणि कार्बन मोनॉक्साइड कमी म्हणजे मिसिंग किंवा हवेची गळती. दोन्ही थोडे जास्त आणि लॅम्डा बरोबर, तर कॅट थकतोय किंवा अजून थंड आहे. गाडी घरातून काढून लगेच नळी लावायला देऊ नका, वीस मिनिटं चालवून गरम करूनच न्या.

मोटरसायकल आणि स्कूटरचं काम थोडकं असतं: एअर फिल्टर, प्लग, आणि सायलेन्सरमध्ये ताजी हवा सोडणारा एसएआय व्हॉल्व्ह. त्याचा पाइप तडकला की रेस सोडल्यावर सायलेन्सर फटफटतो.

दुरुस्ती झाल्यावर कोड पुसले की कॉम्प्युटर आपल्या आतल्या चाचण्याही विसरतो. स्कॅनरच्या रेडिनेस पानावर त्या अपूर्ण दिसतात. त्या पूर्ण होईपर्यंत गाडी मालकाच्या हवाली करू नका. मी रात्रभर थंड झालेली गाडी सकाळी सुरू करून दोन-तीन मिनिटं आयडलवर ठेवतो. मग हातखंब्यावरून लांज्याकडे घेतो. मोकळ्या पट्ट्यात ६० ते ८० चा एकसारखा वेग दहा-पंधरा मिनिटं, आणि उतारावर गिअरमध्येच ठेवून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडायचा, म्हणजे इंधन तुटतं आणि सेन्सरची एक चाचणी तिथे होते. परत येऊन स्कॅनर लावायचा. सगळ्या चाचण्या पूर्ण, नवा कोड नाही आणि मागच्या सेन्सरची रेष सरळ, तरच चावी मालकाच्या हातात. एखादी चाचणी राहिलीच तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तोच फेरा.